पाय दिसले पाहिजेत

बोलता बोलता माणसं मध्येच गायला कशी लागतात, हा आक्षेप निदान मराठी माणसाने घेऊ नये. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आलं तेव्हापासून आपल्याकडे ऐन प्रसंगात पदं म्हटली जातात आणि प्रेक्षक वन्समोअर देतात. तरी हॉलिवूडचे १९३० ते ५०च्या दशकांतले म्युझिकल म्हटले की चोखंदळ मंडळी ‘भाबडे’ म्हणून बाजूला सारतात. भाबडे आहेतच ते. ‘टॉप हॅट’ (१९३५) हा अख्खा सिनेमा एका गैरसमजावर चालतो, आणि कुणी दोन वाक्यं धड बोललं असतं तर तो अर्ध्या तासात संपला असता. त्यातलं व्हेनिस तर उघड उघड स्टुडिओतलं. ते खरं वाटावं अशी कुणाची धडपडही नाही. खरा आहे तो नाच.

त्यातला बागेतल्या बँडस्टँडचा प्रसंग आधी बघा. पाऊस आला म्हणून फ्रेड अस्टेअर आणि जिंजर रॉजर्स आडोशाला थांबलेत. ती रुसलेली, तो गीतकार-संगीतकार अर्व्हिंग बर्लिनचं गाणं म्हणतोय. गाणं संपतं तेव्हा नाच सुरू झालेला नसतो. तो नुसता चालू लागतो, ती मागून त्याच्या चालीची नक्कल करते, मग एक पाऊल त्याचं, एक तिचं. लय वाढत जाते आणि शेवटी दोघं बसून चक्क हस्तांदोलन करतात. मिठी नाही, चुंबन नाही; पण जमलं हे आपल्याला कळलेलं असतं. जे संवादांनी व्हायला हवं ते काम इथे पावलांनी उरकलंय, म्हणून हे गाणं कापून टाकता येत नाही.

अस्टेअरचा आग्रह असा की नाचणारा डोक्यापासून पायापर्यंत दिसलाच पाहिजे आणि कट कमीत कमी हवेत. नुसते पाय दाखवले की खांदे काय करतात ते कळत नाही, आणि वरचेवर कट केले की कच्चा नाचही खपून जातो. न तोडता सलग चित्रित केलेल्या लांब टेकमध्ये तशी लबाडी चालत नाही. शेवटच्या गिरकीला पाऊल चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून कॅमेरा लागण्याआधी नृत्यदिग्दर्शक हर्मीस पॅनबरोबर कित्येक आठवडे तालीम चाले. तरी सगळं हातात राहत नाही. ‘टॉप हॅट’मधल्याच ‘चीक टू चीक’ गाण्यात जिंजरच्या झग्याची शहामृगाची पिसं गळत होती, निरखून पाहिलंत तर उडणारं एखादं पीस दिसतं.

टॅपचा, म्हणजे बुटांच्या तळाला पत्रे लावून ठोके देत केलेल्या नाचाचा, आवाज ही वेगळीच भानगड. सेटवर आधी रेकॉर्ड केलेलं गाणं लाउडस्पीकरवर वाजत असतं, त्यामुळे बुटांचा आवाज तिथे स्वच्छ मिळत नाही. तो सहसा नंतर, चित्र बघत, पुन्हा नाचून भरतात. ‘सिंगिंग इन द रेन’च्या (१९५२) पावसातल्या नाचातही तसंच. त्या पाण्यात दूध मिसळलं होतं ही लोकप्रिय थाप आहे. पाऊस दिसतो तो मागून सोडलेल्या प्रकाशामुळे. समोरून उजेड टाकला की थेंब नाहीसे होतात. डबकीही आपोआप साचलेली नाहीत, त्यात नाचणाऱ्या जीन केलीची पावलं जिथे पडणार तिथे रस्त्यात खड्डे करून घेतले होते.

आता घरचा टीव्ही. १९५३च्या आधीच्या या सिनेमांची चौकट (रुंदी : उंची) साधारण १.३७ : १ असते आणि आजचा टीव्ही त्याहून रुंद, म्हणून दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येणारच. त्या घालवायला ‘झूम’ केलंत तर चित्राच्या उंचीचा जवळपास पाव भाग जातो, म्हणजे नेमके पाय. ‘स्ट्रेच’ केलंत तर सडपातळ अस्टेअर गरगरीत दिसतो. हालचाल गुळगुळीत करणारं मोशन सेटिंगही बंद करा. आणि ब्लूटूथ हेडफोन नकोच: आवाज १५० मिलिसेकंद मागे पडला तर सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशोबाने साडेतीन फ्रेमची चूक होते. संवादात ती एक वेळ खपेल, टॅपमध्ये पाय उचलल्यावर ठोका ऐकू येतो. ‘सेव्हन ब्राइड्स फॉर सेव्हन ब्रदर्स’ (१९५४) मात्र सिनेमास्कोपमधला, म्हणजे रुंद पडद्याचा, बघा. मायकेल किडने बसवलेल्या नाचात एवढी माणसं एकदम उड्या मारतात की ती रुंदी लागतेच.

आणि ‘रॉयल वेडिंग’मध्ये (१९५१) अस्टेअर भिंतीवरून छतावर नाचत जातो, ते चुकवू नका. खोलीच गोल फिरणाऱ्या पिंपात बसवली होती. सामान पक्कं ठोकलेलं, कॅमेरा आणि कॅमेरामन खोलीला जखडून तिच्याबरोबर फिरत होते. तो भिंतीवर असताना मान पार आडवी करून बघा: माणूस सरळ उभा, जमिनीवर नाचतोय. कोपरा खाली येतो त्याच ठोक्याला पुढचं पाऊल टाकणं, हे मात्र पिंपाला करता येत नाही.