तुम्ही विचारलंत म्हणून: ड्रॉइंगच्या कॉलेजचा गावाला काय उपयोग?

"मॅडम, राग मानू नका, पण तुमच्या त्या ड्रॉइंगच्या कॉलेजचा आम्हाला काय उपयोग?"

हा प्रश्न मला सोसायटीच्या मीटिंगमध्ये येतो, लग्नाच्या पंगतीत येतो, आणि जूनमध्ये ॲडमिशनच्या रांगेतले वडील तर हमखास विचारतात. विचारणाऱ्यांच्या मनात काही वाईट नसतं. मेडिकल कॉलेज आलं की ओपीडी सुरू होते, इंजिनिअरिंगचं आलं की आजूबाजूच्या प्लॉटचे भाव चढतात. कलेचं कॉलेज आलं की दिसतात काय, तर नारोशंकराच्या देवळासमोर पॅड मांडीवर घेऊन बसलेली पाच-सहा पोरं, आणि त्यांच्या पाठीमागे उभं राहून "हे काय काढलंय?" असं विचारणारे वीस जण. मी नाशिकमध्ये उपयोजित कला शिकवते, जुनी मंडळी अजून ज्याला 'कमर्शियल' म्हणतात ते. तेव्हा उत्तर देणं मला भाग आहे.

बरेच जण उत्तर स्वतःच देऊन टाकतात. "भिंती छान रंगवता की तुम्ही!" हो, रंगवतो. शाळांची कंपाउंडं, पुलांचे खांब, पाणी वाचवा, झाडे लावा. पण खरं सांगू का, माझ्या लेखी हा आमचा सगळ्यात हलका उपयोग आहे. दोन पावसाळ्यांत रंगाचे पोपडे निघतात आणि राहिलेल्या जागेवर भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागतो. शिवाय ही कामं बहुतेक फुकटात मागितली जातात. "रंग आम्ही देऊ, नाष्टा देऊ, मुलांची प्रॅक्टिस होईल." गवंड्याला कुणी म्हणतं का, विटा आम्ही देतो, वडापाव देतो, बंगला बांध, तुझी प्रॅक्टिस होईल?

एका संस्थेला अख्ख्या भिंतीभर वारली हवी होती. आमच्या वर्गात सुरगाण्याची एक मुलगी होती, तिच्या घरी लग्नात भिंतीवर चौक लिहिला जातो. तिनं पाहिलं तर मुलांनी इंटरनेटवरून उचललेल्या नमुन्यात तारपा वाजवणारा एका कोपऱ्यात आणि नाचणारे त्याच्याकडे पाठ करून. ती म्हणाली, "तारप्याला पाठ दाखवत नाहीत." मुलं बदलायला तयार होती. संस्थेचे साहेब म्हणाले, उद्घाटन उद्या आहे, राहू द्या. राहिलं तसंच. त्या भिंतीतून ना गावाला काही मिळालं ना मुलांना. समोर कुणी गिऱ्हाईकच नव्हतं, ज्याला ते चित्र बरोबर असण्याची गरज होती.

माझं म्हणणं एवढंच आहे. कलेचं कॉलेज गावाच्या उपयोगी पडतं ते गाव गिऱ्हाईक होऊन समोर बसलं की. पैसे मोजणारं, नापसंत करणारं, वाद घालणारं गिऱ्हाईक. सजावट मागणारं गाव आणि सजावट करून देणारं कॉलेज, यात दोघांचाही वेळ जातो.

आता उदाहरणं देते, नाहीतर तुम्ही म्हणाल मास्तरणीचं भाषण सुरू झालं.

दिंडोरी तालुक्यातले एक द्राक्ष बागायतदार भाऊ आमच्याकडे खोक्याचं डिझाइन करून घ्यायला आले. जुन्या खोक्यावर त्यांच्या वडिलांचा, म्हणजे तात्यांचा, टोपीतला फोटो, बाजूला द्राक्षाचा घड, वर लक्ष्मी, खाली तीन मोबाइल नंबर. आमच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना ते बघवेना. त्यांनी महिनाभर खपून मोठं देखणं खोकं केलं: पांढरी पार्श्वभूमी, एका रेषेत घड, सुटसुटीत देवनागरी अक्षर. मला आवडलं होतं. भाऊंनी खोकं हातात घेऊन चारी बाजूंनी पाहिलं आणि म्हणाले, "चांगलंय. पण हे चालणार नाही."

का, तर त्यांचा माल जातो कोलकात्याला, गुवाहाटीला. तिथल्या मंडीत पहाटे ट्रक रिकामा करणाऱ्या हमालाला आपलं मराठी नाव वाचता येत नाही. तो खोक्यावरचा चेहरा बघतो. तिथले आडतेही फोनवर "टोपीवाला माल किती आहे?" असंच विचारतात. म्हणजे तात्यांची टोपी हाच त्यांचा ब्रँड, आणि आमच्या मुलांनी नेमकी तीच काढून टाकलेली. दुसऱ्या बाजूनं मुलांकडेही सांगण्यासारखं होतं. पन्हळी खोक्याच्या कागदावर थेट छपाई केली की बारीक छटा भरून येतात, फोटो काळपट होतो. तात्यांचा चेहरा खरं तर दोन वर्षांपासून नुसता डाग झाला होता, ओळखू येत होती ती टोपीच. मग पोरांनी तात्यांना जाड रेषेत उतरवलं. टोपी ठसठशीत, मिशी ठसठशीत, रंग दोनच. खोकी एकावर एक रचल्यावर कुठल्याही बाजूनं चेहरा दिसावा म्हणून तो चारी अंगांना घेतला. पुढच्या हंगामात तेच खोकं गेलं. भाऊंनी ठरलेले पैसे दिले आणि वर हार्वेस्टिंगच्या वेळी दोन खोकी द्राक्षंही पाठवली. मोबाइल नंबर मात्र तीनच्या तीन ठेवले. त्यावर त्यांनी वादच घालू दिला नाही.

यात गावाचा उपयोग झाला की कॉलेजचा? मला वेगळं करता येत नाही.

येवल्याचंही तसंच. पैठणीच्या पदरासाठी एका मुलीनं ग्राफ पेपरवर मोर काढून नेला होता. सहा रंग, मानेला झोकदार वळण. विणकर काकांनी कागद मागासमोर धरला आणि चौकोन मोजायला लागले. ग्राफवर वळण म्हणजे पायऱ्या, आणि तिच्या पायऱ्या सारख्या नव्हत्या. "विणल्यावर याची मान मोडलेली दिसंल, ताई." मग रंगांकडे वळले. पदर विणताना एका ओळीत जितके रंग बदलतात तितक्या रेशमाच्या कांड्या हातात खेळवाव्या लागतात. रंग वाढला की दिवस वाढतात, दिवस वाढले की किंमत. ते रागावले वगैरे नाहीत, त्यांनी फक्त विचारलं, "ही साडी घेणार कोण?" कागदावर मोर काढताना त्या मुलीला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, मीसुद्धा नाही. तिनं तीन रंगांवर आणून मोर पुन्हा काढला आणि काकांना तो चालला. त्यांच्याकडच्या जुन्या, विटलेल्या कागदांवरच्या कुयऱ्या आणि असावल्या, म्हणजे फुलवेली, तिनं स्वच्छ ग्राफवर उतरवून दिल्या, त्या त्यांना मोरापेक्षा जास्त आवडल्या.

तुम्हाला वाटेल हे सगळं डिझाइनचं झालं, पेंटिंगवाल्यांचं काय? त्यांच्यासाठी रविवार कारंजावरच्या मावशींची गोष्ट सांगते. मावशी गजरे विकतात. पोर्ट्रेटच्या वर्गाला मॉडेल लागतं, आणि कॉलेज दर सिटिंगला पैसे देतं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यांना पटेना. "नुसतं बसायचे पैसे?" बसल्यावर पटलं. वीस-पंचवीस मिनिटं मान हलवायची नाही, मग थोडी विश्रांती, मग पुन्हा तीच मान, तोच हात. उठण्याआधी मुलं खुर्चीच्या पायांभोवती आणि पावलांभोवती खडूनं खुणा करून ठेवतात, म्हणजे परत बसताना जागा चुकत नाही. समोर डाँकीवर, म्हणजे दोन्हीकडे पाय टाकून बसायच्या लाकडी बाकावर, वीसेक पोरं. दुसऱ्या दिवसापासून मावशी पोरांनाच झापायला लागल्या: "ए, खुणा पुसल्यास बघ!"

वार्षिक प्रदर्शनाला त्या सून आणि नातवाला घेऊन आल्या. एका भिंतीवर सगळ्या मावशीच. कुठे हिरव्या सावलीतल्या, कुठे नुसत्या कोळशातल्या. परीक्षकांनी ज्याला पहिलं बक्षीस दिलं होतं त्यापुढून त्या सरळ निघून गेल्या आणि एका मध्यम प्रतीच्या जलरंगापाशी थांबल्या. "हिनं बरोबर काढलंय. इथं मला डुलकी लागली होती." मग सुनेला म्हणाल्या, "नाक मात्र कुणालाच जमलं नाही." सिटिंगच्या पैशातून त्यांचं घर चालतं असं मी म्हणणार नाही, तेवढे ते नसतातच. पण तेव्हापासून पंचवटीतल्या त्यांच्या ओळखीतले एक पुजारी, एक निवृत्त हमाल आणि मावशींची धाकटी जाऊ आमच्याकडे बसून गेले. चित्रांच्या प्रदर्शनाला एरवी कधी पाय न लावणारी ती माणसं आता मार्चमध्ये नेमानं येतात आणि परीक्षकांपेक्षा परखड बोलतात.

कॉलेजच्या आजूबाजूच्या धंद्यांचं काय सांगायचं, ते तुम्हाला दिसतंच. कार्ट्रिज पेपर विकणारा, फ्रेमवाला, रात्री उशिरापर्यंत प्रिंट काढून देणारा, कळवण-मालेगाव-नंदुरबारहून आलेल्या मुलांना डबा देणाऱ्या काकू. सबमिशनच्या आठवड्यात चहावाल्याची चांदी.

यापेक्षा लांबवर जाणारी गोष्ट म्हणजे शाळेतले चित्रकला शिक्षक. तुमच्यापैकी बहुतेकांनी शाळेत चित्रकलेची एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा दिली असेल. स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. इंटरमिजिएटच्या ए ग्रेडला दहावीत 7 गुण वाढतात, बीला 5, सीला 3, म्हणून तरी पालक मुलांना बसवतात. त्या परीक्षेची तयारी करून घेणारा शिक्षक बहुधा अशाच एखाद्या कॉलेजातून एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा, करून गेलेला असतो. आमचा एक जुना विद्यार्थी तालुक्याच्या शाळेत आहे. स्मरणचित्रासाठी 'आठवडे बाजार' विषय दिला की तो आधी मुलांना खरोखर बाजारात नेतो आणि परत आल्यावर विचारतो, तराजू धरणाऱ्याचा अंगठा कुठे होता? कागदावर माणूस काढता येण्याआधी तो नीट बघावा लागतो. हे शिकलेली मुलं पुढे शेतकरी, नर्स, वायरमन होतात. त्यांच्या त्या बघण्याचा हिशेब कुठल्याही अहवालात येत नाही, म्हणून कॉलेजच्या उपयोगाबद्दल बोलताना तो राहून जातो.

पालक यावर म्हणतात, "ते ठीक आहे, पण करिअर?" नाशिककरानं हे विचारावं याची मला गंमत वाटते. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, जन्म 1870 चा. 1885 मध्ये ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, पुढे बडोद्याच्या कलाभवनात. चित्रकला, फोटोग्राफी, छपाई असं एकेक हाताखालून घालत ते सिनेमापर्यंत पोचले, आणि 1913 मध्ये कंपनी घेऊन नाशिकला आले. कंपनी आली म्हणजे तिच्याबरोबर सुतारकाम आलं, शिवणकाम आलं, पडदे रंगवणं आलं. आणि नाशिकरोडची प्रेस? हिंदुस्थानची पोस्टाची तिकिटं लंडनच्या डे ला रू कंपनीकडून छापून यायची, ती 1925 मध्ये इंडिया सिक्युरिटी प्रेस उभी राहिल्यावर इथं छापली जाऊ लागली. इंचभर तिकिटावर चेहरा बसवायलाही कुणीतरी रेषा शिकलेला माणूस लागतोच.

आता 2027 चा सिंहस्थ आला. फोन सुरू झालेत. गोदावरी, साधू, कलश, "भिंती तुमच्याच मुलांनी रंगवायच्या बरं का." मी प्रत्येकाला एकच सांगते: भिंती राहू द्या, पाट्या आम्हाला द्या. 2003 च्या सिंहस्थात रामकुंडाकडच्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी होऊन 39 भाविक गेले. त्याची कारणं अनेक आणि ती पाट्यांहून फार मोठी, मला मान्य आहे. पण देशभरातून आलेली, मराठी न वाचणारी, काही तर कुठलीच लिपी न वाचणारी लाखो माणसं गल्ल्यांच्या या शहरात वळणार कुठे, हे त्यांना दुरून, गर्दीत, डोक्यावर बोचकं असताना कळायला हवं. तात्यांची टोपी कोलकात्यात चालते त्याच कारणानं इथं चित्र चालेल. आणि हे काम फुकट मागू नका. पैसे देणारा माणूसच "हे मला कळत नाही" असं तोंडावर सांगतो.

काम मिळेल तेव्हा मिळेल, मुलांनी सराव सुरू केलाय. जुन्या सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, बाहेरगावच्या बसमधून उतरणाऱ्यांना ती कागदावरची चिन्हं दाखवतात आणि एकच प्रश्न विचारतात, हे काय आहे? रामकुंडासाठी पहिल्यांदा पायऱ्या आणि खाली पाण्याच्या लाटा काढल्या होत्या. एका बाईंनी बराच वेळ बघून सांगितलं, "पोहायचा तलाव." दुसऱ्यात पायऱ्यांवर डुबकी घेणारा माणूस घातला, तर एका आजोबांना वाटलं, इथं बुडण्याचा धोका आहे. सध्या तिसरं चालू आहे, त्यात हात जोडलेत. तुमचे कुणी पाहुणे बाहेरच्या राज्यातून येणार असतील तर सीबीएसवरून परस्पर रिक्षात बसवू नका, आधी आमच्या मुलांकडे पाठवा. चहा आम्ही पाजू.