आप्पा पैलवान आणि ट्रेंटचा मासा

पकडलेला मासा परत पाण्यात सोडायचा, हे इथे इंग्लंडात राहून माझ्या अंगवळणी पडलं होतं. परवा आप्पांसोबत ट्रेंट नदीवर गळ टाकून बसलो आणि ते पुन्हा खुपायला लागलं.

आप्पा म्हणजे आमच्या लहानपणी अमळनेर-चोपडा पट्ट्यात गाजलेले पैलवान. यात्रेतली शेवटची मानाची कुस्ती त्यांचीच असायची. हलगी कडाडली की आम्ही पोरं मोठ्यांच्या पायांमधून घुसून फडाच्या कडेला जाऊन बसायचो. खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक जिंकलं, हे पुस्तकात वाचलं होतं. कुस्ती काय चीज आहे ते मात्र आप्पांचा ढाक डाव पाहून कळलं. ते सध्या लेकीकडे नॉटिंगहॅमला आलेत. तिने खान्देशच्या ग्रुपवर विचारलं, "आप्पांना गळाचा नाद आहे, कुणी सोबत नेईल का?" मी दुसऱ्या कुणाला संधीच दिली नाही.

इथे तेरा वर्षं किंवा त्याहून मोठ्या कुणालाही गळ टाकायला सरकारी परवाना लागतो, पाहुण्यालासुद्धा. एका दिवसाचाही मिळतो. ज्या क्लबकडे नदीकाठ असेल त्याचं तिकीट वेगळं. 15 मार्च ते 15 जून नद्यांवर बंदी, कारण तो अंडी घालायचा हंगाम. ही बंदी आप्पांना लगेच पटली. आपल्याकडे समुद्रात 1 जून ते 31 जुलै असतेच की! नियम काय फक्त गोऱ्यांनाच सुचतात असं नाही.

दुकानात आमिष म्हणून अळ्या मिळतात. आप्पांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. लेकीकडून कणीक मळून आणली होती, तिची गोळी लावली. माझ्या अळ्या तशाच राहिल्या आणि आप्पांच्या कणकेला चब नावाचा इथला नदीतला मासा लागला, दीड-दोन किलोचा. मोडलेल्या कानांचा तो माणूस काट्यापासून मासा असा सोडवत होता की एक खवला निघाला नाही. मी जाळं धरून नुसता बघत राहिलो. यात्रेत ज्यांच्या जवळ जायची हिंमत नव्हती, ते माझ्या खांद्याला खांदा लावून चिखलात बसले होते.

मग मला सांगावं लागलं. नदीतला वीस सेंटिमीटरपेक्षा मोठा चब नेता येत नाही, सोडावा लागेल.

"इतला मोठा सोडी देवाना? मंग धरतस कसाले?"

मी नद्या टिकतात वगैरे सांगितलं. खरंही आहे ते. ट्रेंटमध्ये आज मासे आहेत ते अशा शिस्तीमुळेही आहेत, आणि मी इथे कर भरतो, मला तिचा अभिमान वाटतो. पण आप्पांचं म्हणणंही मला खोडता येईना. तापीकाठी मासा पकडतात तो घरच्या कालवणासाठी. नुसत्या मौजेसाठी त्याच्या तोंडात काटा अडकवायचा आणि वर दया केली म्हणायचं, हे त्यांना अजिबात मान्य नव्हतं. प्राण्यांवर प्रेम करायला आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही, असं इथल्या लोकांना वाटतं, तेव्हा मला आप्पांचा हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवावासा वाटतो.

तरी आप्पांनी मासा सोडला. प्रवाहाकडे तोंड करून, पाण्यात दोन्ही हातांनी धरून, त्याला दम येईपर्यंत थांबले.

पुढच्या रविवारी पुन्हा जाणार आहोत. आणि मी गावी आलो की मुडावदला तापी-पांझरेच्या संगमावर बसायचं ठरलंय. तिथे जे लागेल ते घरी जाणार, हे आप्पांनी आताच बजावून ठेवलंय.