चोळलेला टोमॅटो

बार्सिलोनात येणाऱ्या पाहुण्यांची यादी ठरलेली असते. साग्रादा फामिलिया, पार्क ग्वेल, फुटबॉलचं मैदान आणि 'एखादा छानसा बीच'. यादीत वावगं काहीच नाही. १८८२ साली काम सुरू झालेलं आणि पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिलेलं साग्रादा फामिलियाचं ते चर्च बघायलाच हवं. पण मी इथं राहून राहून जरा आगाऊ झाले आहे. त्यामुळे पाहुण्यांना आधी टेबलाशी बसवते आणि त्यांच्या हातात अर्धा टोमॅटो देते.

पा आम्ब तोमाकेत, म्हणजे पाव आणि टोमॅटो. कातालान, म्हणजे बार्सिलोना ज्यात येतं त्या कातालोनियातल्या घरात हा पदार्थ रोज असतो, आणि त्याचं कौतुक मात्र सणासुदीच्या पक्वान्नासारखं चालतं. त्यासाठी लागतो 'पा दे पाजेस', जाड कवचाचा गोल गावठी पाव. त्याची चांगली जाडसर काप घ्यायची, भाजायची किंवा तशीच ठेवायची. आवडत असेल तर लसणीची सोललेली पाकळी तिच्यावर फिरवायची. खरखरीत भाजक्या पावावर ती बघता बघता झिजत जाते. मग टोमॅटो आडवा चिरून त्याचा अर्धा भाग पावावर दाबून चोळायचा. बिया, रस, गर सगळं पावात उतरतं आणि बोटांत राहते फक्त साल. वर मीठ आणि ऑलिव्ह तेलाची धार. तेलाला हात आखडता घ्यायचा नाही. लेय्दाकडचं, अर्बेकीना जातीच्या बारक्या ऑलिव्हचं तेल असेल तर फारच उत्तम.

संपली कृती. पाहुण्यांचा चेहरा इथं हमखास पडतो. 'एवढंच?' हो, एवढंच. पण त्या एवढ्याशा गोष्टीवर इथली माणसं तासभर वाद घालू शकतात. आधी मीठ की आधी तेल? लसूण हवी की नको? स्पेनमध्ये इतरत्र सकाळच्या टोस्टवर किसलेला टोमॅटो चमच्यानं पसरतात. कातालान माणूस ते खातो, नाही म्हणत नाही, पण नाक मुरडल्याशिवाय राहत नाही. काही खाणावळींत तर पाव, लसूण, टोमॅटो, तेल सगळं सुटं आणून समोर ठेवतात, तुमचं तुम्ही चोळा म्हणून.

आणि टोमॅटो कुठलाही चालत नाही. बाजारात मागितलात की भाजीवाली विचारते, सॅलडला की पावाला? पावाचे टोमॅटो वेगळे. लहान, जाड सालीचे, दोऱ्यात ओवून माळेसारखे टांगलेले. उन्हाळ्यात काढून कोरड्या जागी टांगले की थेट हिवाळ्यात पुरतात. साल सुरकुतते, रंग उतरतो, दिसायला अगदीच केविलवाणे; कापलेत की आत मात्र रस तसाच. हे टोमॅटो बघायला रांबला रस्त्यावरच्या बोकेरिया मंडईत जाऊ नका. तिथं आता भाजी घेणाऱ्यांपेक्षा फोटो काढणारे जास्त. सांत आंतोनीच्या मंडईत जा. रविवारी भाजीचे गाळे बंद असतात, पण बाहेर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. तेही वाईट नाही.

या पावाचं मला आवडतं ते हे, की त्याला तिथी नाही. इथं बाकी बऱ्याच खाण्याला तिथी आहे. सहा जानेवारीला गोल 'तोर्तेल', ज्यात एक छोटासा राजा आणि एक वालाचा दाणा लपवलेला असतो. दाणा ज्याच्या वाट्याला येईल त्यानं केकचे पैसे द्यायचे. एकोणीस मार्चला क्रेमा कातालाना, म्हणजे वर साखर जाळलेलं कस्टर्ड. ईस्टरला धर्मपित्यानं मुलाला द्यायची 'मोना', म्हणजे केक. एक नोव्हेंबरच्या सुमाराला भाजलेली चेस्टनट, रताळी आणि 'पानेयेत्स' नावाचे बदामाचे गोड गोळे. सव्वीस डिसेंबरला आदल्या दिवशीच्या उरलेलं मांस भरलेल्या पास्त्याच्या गुंडाळ्या, 'कानालोन्स'. आदल्या दिवशी जास्तीचं शिजवतात ते त्याच हिशेबानं, असा माझा संशय आहे. तेवीस एप्रिलला, सांत जोर्दीच्या दिवशी, खाण्यापेक्षा गुलाब आणि पुस्तकं महत्त्वाची. त्या दिवशी रस्त्यारस्त्यावर पुस्तकांची टेबलं लागतात आणि शहर चालण्याच्या लायकीचं राहत नाही. तरीही सणाचा एकच दिवस निवडायचा झाला तर मी हाच सुचवेन.

राहिला बीच. बार्सिलोनाचे बरेचसे किनारे १९९२च्या ऑलिंपिकच्या निमित्तानं घडवलेले आहेत. त्याआधी तिथं कारखाने होते, रेल्वेचे रूळ होते, आणि शहर समुद्राकडे पाठ करून बसलं होतं. शहरातल्याच बार्सेलोनेताच्या किनाऱ्यावर संध्याकाळी फेरफटका मारा, तेवीस जूनच्या रात्री सांत जोआनचे फटाके बघायलाही जा (झोप विसरा, पहाटेपर्यंत बार उडत असतात), पण पोहायला उत्तरेकडे कोस्ता ब्रावाच्या खडकाळ किनाऱ्याला जायला हवं. कालेया दे पालाफ्रुजेल हे माझं आवडतं गाव. पांढरी घरं, खडकांच्या कुशीतल्या लहान लहान पुळणी आणि त्यांना जोडणारी, कड्याच्या कडेकडेनं जाणारी पायवाट. चोरटा माल उतरवणाऱ्यांवर नजर ठेवायला शिपाई पूर्वी याच वाटांनी गस्त घालत. आता तिथं आज्या टोप्या घालून फिरतात. दुपारी एखाद्या पिशवीतून सँडविच निघतं, बटाट्याच्या ऑम्लेटचं; त्याच्याही पावाला आतून टोमॅटो चोळलेला.

सप्टेंबरात आलात तर चोवीस तारखेला, ला मर्से या शहराच्या सणाला, सांत जाउमे चौकात उभे राहा. मानवी मनोरे म्हणजे 'कास्तेय' तिथं लागतात. २०१० साली युनेस्कोनं त्यांना वारशाच्या यादीत घेतलं. दहीहंडी बघत वाढलेल्या आपल्या लोकांना वाटतं, यात काय नवीन? इथले कास्तेयेर, म्हणजे हे मनोरे रचणारे, ठाण्या-मुंबईच्या दहीहंडीला जाऊनही आले आहेत, तेव्हा ओळख जुनीच. पण नीट बघा. खाली शेकडो माणसांचा गच्च घेर, त्यातल्या कुणालाही वरचं काही दिसत नाही. म्हणून बाजूला 'ग्राया' नावाची सनईच्या जातीची वाद्यं वाजतात. सुरांवरून खालच्यांना कळतं, थर कुठवर चढलेत, कधी अंग घट्ट करायचं. कमरेला गुंडाळलेला काळा पट्टा पाठीला आधारही देतो आणि वर चढणाऱ्याला पाय ठेवायला पायरीही होतो. हेल्मेट घातलेलं एक लहान मूल सगळ्यात वर जाऊन हात उंचावतं, चौक ओरडतो, आणि आपल्याला वाटतं, झालं. झालेलं नसतं. मनोरा न कोसळता, थर थर करत खाली उतरला तरच तो पुरा धरतात. आपल्याकडे हंडी फुटली की थर कोसळले तरी जल्लोष थांबत नाही. इथं गर्दी श्वास रोखून धरते ती उतरताना.

या मनोऱ्यांचं माहेर म्हणजे तारागोनाजवळचं वाल्स हे गाव, आणि तेच गाव काल्सोतचंही. काल्सोत म्हणजे पातीचा लांबडा कांदा. कांदा दुसऱ्यांदा लावायचा आणि कोंब वर येतील तशी भोवती माती चढवत राहायचं, म्हणजे पांढरा दांडा वाढत जातो. थंडीच्या महिन्यांत हे कांदे द्राक्षवेलीच्या वाळक्या काटक्यांच्या जाळावर अक्षरशः कोळसा होईपर्यंत भाजतात, वर्तमानपत्रात गुंडाळून वाफवतात आणि कौलावर घालून समोर आणतात. हिरवी पात एका हातात धरायची, दुसऱ्या हातानं काळं सालपट खाली ओढायचं; आतून पांढराशुभ्र, वाफाळता, गोड कांदा निघतो. तो बदाम, हेझलनट, भाजलेला टोमॅटो आणि सुक्या मिरचीच्या सॉसमध्ये बुडवायचा, मान मागे टाकायची आणि वरून तोंडात सोडायचा. चारचौघांत असं खाताना पहिल्यांदा लाज वाटते. दुसऱ्या कांद्याला ती गेलेली असते. सोबत 'पुर्रो' फिरतो, लांब चोचीचं काचेचं भांडं. त्यातली वाइन ओठ न लावता वरून प्यायची. तांब्यातून वरून पाणी पिणाऱ्या आपल्या माणसांना हे काय अवघड? तिथं मात्र आपण यजमानांना धडे देऊ शकतो.

शाकाहारी पाहुण्यांनी इथपर्यंत वाचून हुश्श केलं असेल. जरा थांबा. काल्सोत संपले की निखाऱ्यांवर बोतिफारा नावाचे डुकराच्या मांसाचे सॉसेज चढतात, आणि यजमानांच्या मते खरं जेवण तेव्हा सुरू होतं. तुम्ही आधीच सांगून ठेवा, वांगी नि सिमला मिरची निखाऱ्यावर भाजून केलेली 'एस्कालिवादा' मिळेल. पाव-टोमॅटो तर असतोच.

तर यायचं कधी, असं कुणी विचारलं की मी फेब्रुवारी सांगते. समुद्रात उतरता येणार नाही, पण रांगा लहान असतात, ऊन कोवळं असतं आणि काल्सोत ऐन भरात. येताना एखादा जुना शर्ट आणा. गळ्यात कापड बांधतात खरं, पण सॉस कोपरापर्यंत ओघळतोच.