रंध्याची जन्मतारीख

मे महिन्यात नागपूरचा माणूस माळ्यावर चढतो तो कूलरच्या स्टँडसाठी. मीही त्यासाठीच चढलो, आणि स्टँडसोबत पोत्यात गुंडाळलेला आजोबांचा रंधाही खाली आणला. कूलर दोन दिवस तसाच पडून राहिला. पारा पंचेचाळीसवर आणि बायकोचा त्याच्याही वर.

रंधा लोखंडी, गंजून तपकिरी झालेला. घासलेट आणि जुना टूथब्रश घेऊन बसलो. पुढच्या टोकाला ‘बेली’ उमटलं. लिओनार्ड बेली हा अमेरिकन कारागीर. त्याची पेटंटं स्टॅन्ले कंपनीने १८६९ मध्ये घेतली, पण नाव मात्र रंध्यावर राहू दिलं. पातं काढलं तेव्हा खालच्या बैठकीमागे बारीक अक्षरं दिसली: मार्च २५, ०२, ऑगस्ट १९, ०२, एप्रिल १९, १०. क्षणभर २००२ वाचलं! तेव्हा आजोबा जाऊन पंधरा वर्षं झाली होती. ही पेटंटं १९०२ आणि १९१० ची. म्हणजे रंधा १९१० नंतरचा. अशा तारखा ओतलेले रंधे १९२५ च्या आसपास दिसेनासे होतात, तेव्हा पंधरा वर्षांचा पट्टा पक्का झाला.

तो आणखी आवळायचा तर पुढची मूठ पाहायची. १९१९-२० च्या सुमारास स्टॅन्लेने ठेंगणी, गोल मूठ सोडून उंच मूठ बसवायला सुरुवात केली. बुटकी असेल तर आधीचा, उंच असेल तर नंतरचा, इतकं सोपं. आणि आमच्या रंध्याची नेमकी तीच मूठ बदललेली! देव्हाऱ्याच्या कळसासारखं काहीतरी खरादून बसवलंय. साक्षीदारच फुटला म्हणायचा. पात्यावर ‘शेफील्ड’, म्हणजे तेही परकं, इंग्लंडचं. घासून घासून जेमतेम दोन बोटं उरलेलं. मागची मूठ तेवढी मूळची असावी, पण तडकलेली आणि सायकलच्या ट्यूबने आवळलेली.

तिसऱ्या दिवशी स्टँडचा डुगडुगणारा पाय ताशायला लकडगंजातून मिस्त्री आले. सोबत विजेचा रंधा होता, तरी हात आधी आमच्या रंध्याकडे गेला. मी तारखांचं पुराण लावलं. ते कळसावरून अंगठा फिरवत राहिले. नखाने थोडं खरवडलं.

“बाभूळ आहे हे.”

“कशावरून?”

“बंडीच्या चाकाचं लाकूड, भाऊ. बाप हेच करत होता माहा. कोन्या बंडीवाल्या सुतारानं बसवलं असन.”

मी ती मूठ उलटसुलट करून पाहिली. नाव नाही, तारीख नाही, साधी खूणही नाही.

मिस्त्रींनी पातं ठोकून बसवलं, एक डोळा मिटून तळ पाहिला आणि स्टँडच्या पायावर रंधा ओढला. पहिला छिलपा जाड आला, तुटला. दुसरा कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ निघाला आणि गुंडाळत त्यांच्या मनगटावर चढला.

“कूलर लावा आता,” ते म्हणाले, “वयनी कवाच्या पाहून राह्यल्या.”