४२९ कोटींच्या संख्येचा एक विभाजक

२ च्या ३२ व्या घातात १ मिळवला की ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या मिळते. १६४० च्या सुमारास फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने अशी अटकळ बांधली होती की २ चा घातांक म्हणून २ चाच कोणताही घात घेऊन उत्तरात १ मिळवल्यास नेहमी मूळसंख्याच हाती येईल. अशा संख्यांना फर्मा संख्या म्हणतात. ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या पहिल्या पाच संख्यांनी त्याला साथ दिली. सहाव्या संख्येने, म्हणजे आपल्या या संख्येने, मात्र घात केला (या शब्दाचे दोन्ही अर्थ येथे चालावेत). १७३२ मध्ये ऑयलर या स्विस गणितज्ञाने तिला ६४१ ने निःशेष भाग जातो हे दाखवले आणि भागाकार ६७,००,४१७ आला.

६४१ हा आकडा काही अंदाजाने सापडत नाही. या संख्येचा प्रत्येक मूळ विभाजक १२८ च्या पटीपेक्षा १ ने मोठा असावा लागतो, हे पुढे ल्यूकास या फ्रेंच गणितज्ञाने सिद्ध केले. अशा मूळसंख्या लहानापासून शोधू लागलो की पहिली २५७ येते. पण ती स्वतःच फर्मा संख्या आहे आणि कोणत्याही दोन फर्मा संख्या परस्परांशी सहमूळ असतात (त्यांना १ शिवाय सामाईक विभाजक नसतो), म्हणून ती बाद होते. त्यानंतरची थेट ६४१. हे ठाऊक असणाऱ्याला एकच भागाकार करावा लागतो!

तोही टाळता येतो, आणि मला सर्वांत आवडते ते हेच. ५ × १२८ = ६४०, म्हणजे ६४१ ने भागल्यास बाकी −१ (पूर्ण भाग जायला १ कमी). दोन्हीकडे चौथा घात घेतला की ६२५ गुणिले २ चा २८ वा घात यांची बाकी १ होते. आता ६४१ = ६२५ + १६ असल्यामुळे ६२५ च्या जागी −१६ घालता येते, १६ हा २ चा चौथा घात असल्याने २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१ उरते, त्यात १ मिळवला की बाकी ० होते आणि काम संपते.

गंमत म्हणजे फर्माच्याच लहान प्रमेयावर आधारलेली कसोटी २ हा पाया घेऊन लावली (म्हणजे २ चा, या संख्येपेक्षा १ ने लहान घातांकाचा, घात घेऊन त्याला या संख्येने भागल्यावर बाकी १ उरते का ते पाहिले; मूळसंख्येबाबत ती १ च उरते), तर ही संख्या मूळसंख्येचे सोंग बेमालूम वठवते. ३ हा पाया घेतला की ते उघडे पडते.

ती मूळसंख्या नसल्याची आणखी एक खूण म्हणजे ती दोन वर्गांची बेरीज म्हणून दोन प्रकारे लिहिता येते. ६५,५३६ चा वर्ग अधिक १ हा प्रकार उघडच आहे. दुसऱ्यासाठी ६४१ = २५² + ४² आणि ६७,००,४१७ = २५५६² + ४०९² यांचा मेळ घालावा लागतो, तेव्हा ६२,२६४² + २०,४४९² हे रूप मिळते. मूळसंख्येला असे दुसरे रूप असूच शकत नाही. शिवाय २०,४४९ हा स्वतः १४३ चा वर्ग निघतो, हे वहीत पडताळताना मला अचानक दिसले.