देश सगळ्यात शेवटी ठरला

४ जून २०२४ ला दिवसभर सगळा गाव टीव्हीवर लोकसभेचा निकाल बघत होता. संध्याकाळी आम्ही माजघरात मोबाईलवर नीटचा, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचा, बघितला. ७२० पैकी ४९८. मुलगी दुसऱ्यांदा बसली होती. पहिल्या खेपेपेक्षा मार्क चांगले वाढले होते, पण त्या वर्षी सगळ्यांचेच वाढले होते. मी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे, २२ वर्षं झाली. रिपोर्ट हातात आला की नातेवाइकांच्या आधी आपल्याला कळतं, तसं मला तेव्हाच कळलं. आमच्या सिंधुदुर्गात ओरोसच्या सरकारी मेडिकल कॉलेजला १०० जागा, रत्नागिरीला १००, आणि आमची मुलगी त्या दारांपासून बरीच लांब होती. फिजिक्सच्या एका प्रश्नाची आधी दोन उत्तरं बरोबर धरली होती, जुलैत सुप्रीम कोर्टात त्यातलं एकच बरोबर ठरलं. हिने नेमकं दुसरं लिहिलेलं. चार मार्क गेले, वर एक निगेटिव्हचा. ४९३.

खाजगी कॉलेजची फी वर्षाला दहा लाखांच्या वर. तो विषय आम्ही एका रात्रीत मिटवला. तिसऱ्यांदा बसायला मुलगी तयार नव्हती, आणि तिला तसं म्हणायचं माझंही धाडस झालं नाही.

आमची हापूसची थोडी कलमं आहेत. ह्यांनी पेटीचा एक पुठ्ठा घेतला आणि पेट्यांवर पत्ते घालायच्या मार्करने त्यावर, डॉक्टरकी शिकायला पोरं जातात त्या देशांची नावं लिहिली. रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान, कझाकस्तान, फिलिपाइन्स, बांगलादेश, नेपाळ. युक्रेन लिहिलंच नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत तिथून परतलेली पोरं टीव्हीवर बघितली होती. किर्गिझस्तान लिहिलं आणि लगेच खोडलं, कारण निकालाच्या आधीच, १७-१८ मेच्या रात्री, तिथल्या राजधानीत, बिश्केकमध्ये जमावाने परदेशी विद्यार्थ्यांच्या हॉस्टेलांवर हल्ला केला होता. पुठ्ठा दाराच्या मागे टांगून ठेवला. येणारा-जाणारा त्यावर एक मत देऊन जायचा. आमच्याकडे सल्ला द्यायला कुणी पेटीचे पैसे मागत नाही.

जूनमध्ये कोल्हापूरला एका हॉटेलात एजंटचा सेमिनार होता. दारात पेढा, आत एसी. बोर्डावर मोठ्या अक्षरांत ‘एनएमसी अप्रूव्ड विद्यापीठे’. एनएमसी म्हणजे आपला राष्ट्रीय वैद्यकीय आयोग. सहा वर्षांचं पॅकेज, भारतीय मेस, पोळी-भाजी, वर्षातून एकदा पालकांना भेट. मेसचे फोटो अकरा दाखवले, हॉस्पिटलचा एक, तोही बाहेरून. मी उठून विचारलं, किती खाटांचं आहे? ओपीडी किती? त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी लग्नाच्या पंगतीत आचाऱ्याला गॅसचं बिल विचारलं.

घरी येऊन मुलीने एनएमसीच्या वेबसाइटवर शोधलं. परदेशी कॉलेजांना मान्यता देण्याचं काम एनएमसी करतच नाही, तशी यादीच काढत नाही. १८ नोव्हेंबर २०२१ चा त्यांचा नियम आहे, त्यात फक्त अटी आहेत. कोर्स किमान ५४ महिन्यांचा. त्यावर १२ महिने इंटर्नशिप, त्याच संस्थेत. शिकवणं इंग्रजीत. तिथल्या नागरिकाला डॉक्टरकीचा जो परवाना मिळतो, तो मिळायला आपलं मूलही पात्र हवं. परत आल्यावर इथे आणखी १२ महिने इंटर्नशिप, आणि प्रवेशापासून दहा वर्षांच्या आत सगळं संपवायचं. अटी पाळल्या की नाहीत हे परत आल्यावर तपासलं जाणार. म्हणजे चूक झाली तर ती सहा वर्षांनी आणि पंचवीस लाख गेल्यावर कळणार.

ह्या एका नियमाने पुठ्ठ्यावरची बरीच धूळ खाली बसली. फिलिपाइन्सला आधी बीएस ही साधी पदवी आणि मग चार वर्षांचं एमडी, म्हणजे तिथली डॉक्टरकी. चार वर्षं म्हणजे ४८ महिने. एजंट म्हणत होता, बीएस धरून बेरीज करा. मी सलाईनचे थेंब मोजत आले आहे, मला अशी बेरीज जमत नाही. खोडलं.

आमच्याच रुग्णालयात एक मेडिकल ऑफिसर आहेत, परदेशातूनच शिकून आलेले. एफएमजीई म्हणजे परत आल्यावरची परीक्षा, ३०० प्रश्न, १५० बरोबर आले तर पास, वर्षातून दोनदा. ते तिसऱ्या खेपेला पास झाले. ह्या परीक्षेत साधारण पाचातला एक पास होतो, हे आकडे एजंटच्या बोर्डावर नव्हते. रात्रपाळीला एकदा लेबर रूम रिकामी होती, चहा घेताना त्यांना विचारलं, “डॉक्टर, कुठला देश चांगला?”

ते म्हणाले, “सिस्टर, देश राहू दे. पहिली तीन वर्षं कुठेही सारखीच. पुस्तकं इंग्रजी, आपलं डोकं आपलं. चौथ्या वर्षी वॉर्डात गेलो आणि तिथे पेशंट बोलायला लागला. मला एक अक्षर कळेना. सर पेशंटशी पाच मिनिटं बोलायचे आणि आम्हाला इंग्रजीत एक वाक्य सांगायचे. आम्ही वीस जण ते वाक्य लिहून घ्यायचो. पेशंटची हिस्टरी मी पहिल्यांदा घेतली ती इथे, इंटर्नशिपला.”

मी गप्प बसले. कारण आमच्याकडे घाटावरचे डॉक्टर नवीन आले की पहिले चार महिने मीच मधे उभी असते. म्हातारी सांगते, “पोटात कळ येता आणि माका कसासाच होता,” आणि डॉक्टर माझ्या तोंडाकडे बघतात. ही मराठीतल्या मराठीत गत. कसासाच होता म्हणजे मळमळ, घेरी, घाबरल्यासारखं, की छातीत दडपल्यासारखं, हे त्या बाईला चार वेळा विचारल्याशिवाय कळत नाही. एकदा तर तो हार्ट अटॅक होता.

दुसऱ्या दिवशी घरी हे सांगितलं. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता नातीला विचारलं, “थंयल्या माणसाक पोटात दुखाक लागला तर तो तुका सांगतलो कसो गो?”

पुठ्ठा तोच होता, पण आता आम्ही त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो. नेपाळ वर आलं. लिपी देवनागरी, ‘पेट दुख्यो’ म्हटलं तर कोणालाही कळेल, कोर्स बरोब्बर ५४ महिने आणि वर एक वर्ष. पण तिथली वेगळी प्रवेश परीक्षा, आणि खर्च आमच्या हिशेबाच्या जवळजवळ दुप्पट. त्यांचा १.६ रुपया म्हणजे आपला एक, ह्या भागाकारानेही तो काही खाली येईना. ह्यांनी नेपाळ खोडलं नाही, नुसती फुली मारून ठेवली. बांगलादेश मला मनापासून आवडलं होतं. रुग्ण आपल्यासारखे, ताप आपल्यासारखे, डेंगी, टायफॉइड, टीबी, पावसात साप. अभ्यासक्रमही जवळचा. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात तिथे आंदोलन पेटलं, इंटरनेट बंद झालं, आपली मुलं मेघालय-त्रिपुराच्या सीमेवरून पायी परत यायला लागली. ५ ऑगस्टला सरकारच पडलं. खोडायला मार्कर घेतला तेव्हा ह्यांचा हात जरा थांबला.

राहिले रशिया, जॉर्जिया, कझाकस्तान.

मग मुलीने एजंटला बाजूला ठेवून थेट विद्यापीठांना मेल केले. सहा विद्यापीठं, चारच प्रश्न. कोर्स किती महिन्यांचा? इंटर्नशिप तुमच्याच हॉस्पिटलात का? परदेशी विद्यार्थ्याला तुमच्याकडचा परवाना मिळू शकतो का? आणि चौथा प्रश्न सासूबाईंचा: वॉर्डात रुग्ण कुठली भाषा बोलतात आणि ती तुम्ही शिकवता का? दोघांनी उत्तरच दिलं नाही. एकाने आमचा मेल फिरवून त्याच कोल्हापूरच्या एजंटकडे पाठवला, त्याचा फोन आला, “मॅडम, थेट कशाला विचारता?” दोघांनी ब्रोशर पाठवलं, चौथ्या प्रश्नाला उत्तर: संपूर्ण इंग्रजी माध्यम.

अकरा दिवसांनी कझाकस्तानातल्या अल्माटीहून उत्तर आलं. साधंच होतं, इंग्रजीही मोडकं. पाच वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप, आमच्याच हॉस्पिटलांत. परवान्याबद्दल दोन ओळी, सोबत नियमाची प्रत. आणि शेवटी असं की, आमचे रुग्ण कझाक आणि रशियन बोलतात, इंग्रजी बोलत नाहीत. पहिल्या वर्षापासून भाषेचा तास आहे, परीक्षा आहे, आणि जो विद्यार्थी हा तास बुडवतो त्याला वॉर्डात त्रास होतो. मी तो मेल तीन वेळा वाचून घेतला. आपल्या गैरसोयीची गोष्ट आपणहून लिहिणारा माणूस मला आंबा विकणाऱ्या बागायतदारांत कधी भेटला नाही, तो विकत घ्यायला येणाऱ्या व्यापाऱ्यांत तर नाहीच. डॉक्टरांनाही दाखवला. ते म्हणाले, “हे बरंय.” त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे खूप.

पैशाचं थोडक्यात सांगते, कारण आठवलं की अजून डोकं दुखतं. साडेसात लाखांपर्यंत शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, त्याच्या वर लागतं. जमीन आहे म्हणून आम्ही छाती काढून बँकेत सातबारा ठेवला. त्यावर बावीस नावं, त्यातली सहा वारलेल्यांची, बाकी लालबाग, डोंबिवली, नालासोपारा. साहेबांनी तो कागद दोन बोटांत धरून परत दिला. शेतजमीन तशीही चालणार नव्हती. शेवटी साडेसात लाख कर्ज, उरलेल्यासाठी माझा भविष्य निर्वाह निधी आणि दरवर्षीचा आंबा. पहिल्या वर्षी सात लाखांच्या आतच पैसे पाठवले, त्यामुळे टीसीएसची, म्हणजे तेव्हा त्याच्या वर परदेशात पाठवलेल्या पैशांवर लागणाऱ्या कराची, भानगड आली नाही. दहावी-बारावीचे दाखले, ते परदेशात चालावेत म्हणून सरकारी शिक्का, म्हणजे अपोस्टिल, रशियन भाषांतर, व्हिसाचे वैद्यकीय दाखले. प्रत्येक कागदाच्या पाच-पाच प्रती आणि नीटचा निकाल प्लास्टिकच्या वेगळ्या फोल्डरात, कारण परत आल्यावर पात्रतेचा दाखला म्हणून तोच लागतो.

७ सप्टेंबरला गणपती आले आणि चाकरमानीही. मोठे भावोजी पुठ्ठा बघून म्हणाले, “वहिनी, कझाकस्तान? त्यापेक्षा रशिया काय वाईट?” धाकटे म्हणाले, जॉर्जिया युरोपात आहे. आरती झाल्यावर मोदक खाता खाता भारताचं परराष्ट्र धोरण ठरत होतं. मुलगी आतल्या खोलीत मोबाईलवर रशियन अक्षरं गिरवत होती. २४ तारखेला कणकवलीहून गाडी, मुंबई, दिल्ली, मग विमान. स्टेशनवर सासूबाईंनी तिच्या हातात कोकमं आणि सांडगी मिरच्यांची पिशवी दिली. ती दिल्लीला वजनात बसली नाही.

नोव्हेंबरात तिचा फोन आला. बर्फ पडलं होतं, ॲनाटॉमीचं वाचून डोळे लाल. भाषेच्या तासाला नवीन वाक्य शिकवलं होतं, ते मला म्हणून दाखवायचं होतं. मी फोन स्पीकरवर टाकला.

“ग्द्ये बालीत?” ती म्हणाली. “म्हणजे, कुठे दुखतंय?”

सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, “गुडघ्यात.”