आईचं लोहचुंबक

आईच्या पिशवीत एक लोहचुंबक असतं. जुन्या रेडिओच्या स्पीकरमधून काढलेलं, बांगडीएवढं, काळंकुट्ट. भांडीबाजारात निघताना ती एखादे वेळी चष्मा विसरेल, चुंबक नाही. दुकानदारानं डबा पुढे केला की आधी बुडाला चुंबक टेकवायचं. चिकटलं तर डबा परत. नाही चिकटलं तरच भाव विचारायचा. "चिकटतं ते लोखंड, न चिकटतं ते स्टील," हा तिचा कायदा, आणि आमच्या घरातलं एकूण एक भांडं या कायद्यातून पास होऊन आलेलं आहे. प्रत्येकावर नाव आणि तारीख, दुकानातल्या त्या टर्र करणाऱ्या मशीननं घातलेली. गंमत म्हणजे नाव कोरताना स्टीलची कातडी फाटते, तरी अक्षरांत गंज धरत नाही. स्टीलमधलं क्रोमियम हवेतला प्राणवायू घेऊन तिथल्या तिथे नवी कातडी धरतं. डोळ्याला दिसणारही नाही इतकी पातळ. त्यासाठी निदान साडेदहा टक्के तरी क्रोमियम लागतं.

कायद्याला पहिला तडा गेला तो मिठाच्या डब्यानं. चुंबकाला पास, आणि चार महिन्यांत बुडाला तांबूस ठिपके. दुकानदार म्हणाला, "मावशी, मीठ कशाला ठेवलं?" मिठाच्या डब्यात मीठ नाही तर काय ठेवायचं, हे त्यानं सांगितलं नाही.

उलगडा भाच्यानं केला. तो नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये सीएनसीवर, म्हणजे संगणकाच्या हुकमानं धातू कापणाऱ्या मशीनवर असतो. चांगल्या भांड्यांचं स्टील म्हणजे ३०४. त्यात १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. निकेलमुळे अणूंची मांडणीच अशी बसते की चुंबक ओढत नाही. पण निकेल महाग, म्हणून बरंचसं निकेल काढून मँगनीज घातलेलं स्वस्त स्टीलही बाजारात असतं. तेही चुंबकाला चिकटत नाही, गंजाशी मात्र तितकं झुंजत नाही. आणि खऱ्या ३०४चं सिंक घेतलं, तरी ठोकून-दाबून वळवलेल्या कोपऱ्याला चुंबक किंचित ओढ घेतं. म्हणजे आई इतकी वर्षं अर्धवट साक्षीदारावर निकाल देत होती.

एका रविवारी त्यानं मला वर्कशॉप दाखवायला नेलं. टेबलावर एक शाफ्ट होता, मनगटाएवढा जाड, हातभर लांब, आरशासारखा. "पंपाचा आहे. स्टेनलेस." खिशात आईचं चुंबक होतंच (मुद्दाम आणलं होतं, खोटं कशाला बोलू). टेकवलं. खट्ट! दोन बोटांनी ओढून निघेना.

"फसवलं रे तुम्हाला कुणीतरी."

"मामा, हे सेव्हन्टीन-फोर आहे. हे चिकटतंच."

सतरा टक्के क्रोमियम, चार टक्के निकेल, म्हणून नाव सेव्हन्टीन-फोर. निकेल ३०४च्या निम्मं, म्हणून चुंबक ओढतं. पण नावात न आलेला तिसरा गडी मला जास्त आवडला: जवळजवळ चार टक्के तांबं. एक हजार चाळीस अंश सेल्सिअसपर्यंत तापवलं की तांबं पोलादात विरघळतं. लगेच थंड केलं की त्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. मग तोच शाफ्ट पुन्हा ४८२ अंशांवर तासभर ठेवायचा. (असा तिरपागडा आकडा का, तर मूळ हिशेब फॅरनहाइटचा, ९०० अंश.) तेवढ्या धगीत तांब्याचे अतिसूक्ष्म कण जागोजाग धरतात, पाकात साखर धरते तसे. पुढे ताण आला आणि पोलादाचे थर एकमेकांवरून सरकू लागले की हे कण आडवे येतात. ३०४ची एक चौरस मिलिमीटर छेदाची मऊ तार साधारण बावन्न किलोला तुटू शकते. याची तेवढीच तार एकशे तीस किलोच्या पुढे जाते. म्हणून हे पंपांत, व्हॉल्व्हच्या दांड्यांत, टर्बाइनच्या पात्यांत, विमानांच्या जोडांत. विमान म्हटल्यावर भाच्याचा हात आपसूक ओझरच्या विमान कारखान्याकडे गेला, नाशिककराचा जातोच.

त्या शेवटच्या भट्टीत माल आक्रसतो, शंभर मिलिमीटरला पाच शतांश मिलिमीटरच्या आसपास. तेवढं गृहीत धरून आधीच कापायचं. आणि कायम जास्तीत जास्त कडकच करायचं असंही नाही. समुद्राच्या खाऱ्या हवेत जाणारा माल जास्त अंशांवर ठेवून थोडी ताकद सोडतात, चिवटपणा घेतात. नाहीतर ताणाखाली तडा जायची भीती.

परतताना मुद्दाम जुन्या नाशकातून, तांबट लेनवरून आलो. तांब्याच्या हंड्यावर हातोडी पडत गेली की तांबं कडक होतं आणि पुढे फुटायला बघतं, म्हणून मध्येच भट्टीत घालून मऊ करतात. तांबटाच्या हाताला हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. स्टीलनं तांब्याला स्वयंपाकघरातून हाकललं असं मी समजत होतो. ते स्टीलच्याच पोटात जाऊन बसलंय, आणि सगळ्यात अवघड जागी.

येताना भाच्यानं त्याच शाफ्टचा उरलेला वीतभर तुकडा दिला होता. एका टोकाला हीट नंबर, म्हणजे पोलाद कोणत्या घाण्यातलं ते सांगणारा आकडा, कोरलेला, आमच्या डब्यांवरच्या नावासारखाच. आईला सगळं समजावून सांगितलं, क्रोमियमपासून विमानापर्यंत. तिनं शांतपणे ऐकलं, पिशवी मागितली, चुंबक काढलं, टेकवलं.

"चिकटतंय," ती म्हणाली. "परत देऊन ये त्याला."

दिला नाही. सध्या तो ओट्यावर असतो. आलं त्यानं फार छान ठेचलं जातं.